स्वतंत्र जबाबदारी

साहेब: म्हणजे बढती झाली! अहो, मग असा चेहरा पाडून काय सांगताय?

मास्तरीण: झाली, साहेब. चौदा वर्षांपूर्वीच झाली. मला गेल्या महिन्यात कळलं.

वहिनी: हे काय बाई! पत्र काय चौदा वर्षं टपालात अडकलं होतं?

मास्तरीण: तसंच समजा, वहिनी. मी न्यायाधिकरणात गेले होते. त्यांनी निकाल दिला, की हिला तेव्हा डावललं ते चुकीचं होतं, त्या तारखेपासून हिला प्रमुख रसायनतज्ज्ञ माना. मग खात्यानं आदेश काढला. आता मानतात.

साहेब: मानीव दिनांक. बरोबर, तशी तरतूद आहे नियमात. उत्तम झालं. निवृत्ती कधी तुमची?

मास्तरीण: चार महिन्यांनी.

साहेब: वा. म्हणजे त्या खुर्चीवरूनच निवृत्त व्हाल. निवृत्तिवेतनातही थोडा फरक पडेल. शेवट गोड झाला म्हणायचं.

वहिनी: अहो, आधी त्यांना नीट बसू तर द्या. तुम्ही त्या मऊ खुर्चीत नका बसू, त्यातून उठताना जीव जातो. इकडे या, लाकडीवर. मी तुम्हाला दारात ओळखलंच नाही बघा. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतल्या मास्तरीणबाई ना तुम्ही?

मास्तरीण: हो. ते नाव ऑफिसनं ठेवलेलं. बाटलीवर तारीख-वेळ नसली की मी नमुना परत पाठवायचे. लाल शाईनं शेरा मारून.

वहिनी: हे घरी येऊन सांगायचे, आज मास्तरीणबाईंनी इंजिनियरला बाटली अशी परत केली, की त्याला कान धरून उभं केल्यासारखं झालं. आम्ही हसून हसून बेजार.

साहेब: असो, असो. तर काम काय काढलंत? नुसती बातमी द्यायला दोन बस बदलून येणाऱ्यातल्या तुम्ही नाही. तेवढं ओळखतो मी.

मास्तरीण: आदेशाची शेवटची ओळ वाचते. 'तथापि, सदर कालावधीत त्यांनी वरिष्ठ पदाचे प्रत्यक्ष काम केलेले नसल्याने वेतनफरकाची थकबाकी अनुज्ञेय होणार नाही.'

वहिनी: साध्या भाषेत सांगा हो.

मास्तरीण: बढती दिली, तिचा पगार नाही.

साहेब: सर्वसाधारणपणे तसंच असतं. म्हणजे कसं आहे, ज्या पदावर माणूस बसलाच नाही, त्याचा पगार सरकारनं काय म्हणून द्यावा? माझ्या काळातही असे आदेश मी काढलेत.

मास्तरीण: पण काम मी केलं, साहेब.

साहेब: हं.

मास्तरीण: जुने प्रमुख मे अखेर निवृत्त झाले. एक जूनला तुम्ही मला वर बोलावलंत, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, जागा भरेपर्यंत तुम्हीच बघा. जागा भरायला सहा वर्षं लागली. तुम्ही निवृत्त झालात, त्यानंतर भरली.

वहिनी: मग हे सांगा ना त्यांना.

मास्तरीण: सांगितलं. ते म्हणतात, लेखी आदेश दाखवा. लेखी नाहीच. तोंडी होता. अहवालांखाली माझ्या सह्या आहेत, 'प्रमुखांकरिता' म्हणून. ते म्हणतात, सह्या तुम्ही तुमच्या हौसेनं केल्या असतील.

वहिनी: हौसेनं? सहा वर्षं?

मास्तरीण: अकरा हजार दोनशे चाळीस अहवाल. नोंदवहीतून मोजले मी.

साहेब: मोजलेच असणार तुम्ही. बघा, लेखी दिलं असतं तर अतिरिक्त कार्यभाराचा भत्ता द्यावा लागला असता. त्याला वरची मंजुरी. मंजुरीला प्रस्ताव. प्रस्तावाला त्रुटी. तेव्हा सगळीकडे तोंडीच चालायचं.

मास्तरीण: माहीत आहे. त्याबद्दल तक्रार करायला आले नाही. गुरुवारी थकबाकीसाठी न्यायाधिकरणात सुनावणी आहे. तुमचं लेखी निवेदन हवंय, की ती सहा वर्षं प्रयोगशाळा मी चालवली आणि तुमच्या सांगण्यावरून चालवली. तेव्हाचे कार्यालयप्रमुख तुम्ही होतात. दुसरं कोणी सांगू शकत नाही.

साहेब: एवढंच ना? मग निवेदन कशाला हवं? आत्ताचा सहसंचालक माझ्याच हाताखाली तयार झालाय. मी एक फोन टाकतो त्याला.

मास्तरीण: फोन नको, साहेब. एका फोनामुळेच तर हे सगळं झालं.

वहिनी: कुठला फोन?

साहेब: काही नाही गं. ऑफिसातलं जुनं काहीतरी.

वहिनी: मी त्यांना विचारलं.

मास्तरीण: साहेब, सांगू का तुम्हीच सांगता?

साहेब: सांगा. तुमच्याकडे तारखा असतील.

मास्तरीण: नव्या वसाहतीची पाण्याची टाकी बांधून झाली होती. शुक्रवारी उद्‌घाटन. मंगळवारी नमुना आला, मी अठ्ठेचाळीस तास उबवणीला ठेवला. गुरुवारी नळ्या बघितल्या तर सगळ्या गढूळ. जंतू. मी अहवालावर शिक्का मारला, 'पिण्यास अयोग्य'. दुपारी साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. एरवी कधी यायचे नाहीत. म्हणाले, टाकीत क्लोरीन मारून नवा नमुना घेऊ, तारीख मात्र मंगळवारचीच राहू द्या.

वहिनी: आणि?

मास्तरीण: मी म्हटलं, नवा नमुना जरूर घेऊ. तारीख आजची घालू.

वहिनी: म्हणजे ते उद्‌घाटन लांबलं ते यामुळे? मला चांगलं आठवतंय, मी मुद्दाम केस कापून आले होते त्या कार्यक्रमासाठी. अहो, तेव्हा तर तुम्ही म्हणालात, पाइप फुटला.

साहेब: म्हटलं असेन.

वहिनी: आपण तेव्हा नुकतेच त्या वसाहतीत राहायला गेलो होतो. नात सहा महिन्यांची होती. तिच्या दुधात तेच पाणी जाणार होतं!

साहेब: म्हणून तर मी दुसरा अहवाल केला नाही. हे लक्षात घ्या दोघींनी. मी एकदा विचारलं त्यांना, त्या नाही म्हणाल्या, आणि मी वर गेलो, त्यांचाच अहवाल जसाच्या तसा पुढे पाठवला. माझ्या सहीनं. उद्‌घाटन नऊ दिवस थांबलं ते माझ्या सहीनं थांबलं.

मास्तरीण: हे खरं आहे, वहिनी. अहवाल साहेबांनी बदलला नाही.

वहिनी: मग भांडण कशाचं?

मास्तरीण: हा कागद वाचा. माझ्या गोपनीय अहवालाची प्रत आहे. त्याच वर्षीची.

वहिनी: चष्म्याशिवाय... थांबा, दिसतंय. 'कष्टाळू. वक्तशीर. परंतु स्वतंत्र जबाबदारी सोपवण्यास अपात्र.' हे कोणी... अहो. ही तुमची सही आहे.

साहेब: हो.

वहिनी: ही चेकवर करता तीच सही.

साहेब: हो गं, माझीच आहे. वरून फोन आला होता. कोणाचा ते विचारू नका, तो माणूस आता नाही. म्हणाला, कार्यक्रम बोंबलला, तुमच्या ऑफिसातून कोणावर काय कारवाई केलीत ते कळवा. काहीतरी दाखवणं भाग होतं. नाहीतर माझी बदली होती, आणि बदली म्हणजे कुठे, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, एक ओळ लिहू. एका ओळीनं कोणाचं काय बिघडतं? पुढच्या वर्षी चांगलं लिहू, झाकलं जाईल.

मास्तरीण: पुढच्या सहाही वर्षी तुम्ही 'अत्युत्कृष्ट' लिहिलंत. तेही आहे माझ्याकडे. पण त्याच वर्षी डिसेंबरात बढती समिती बसली, तिनं तेवढी एक ओळ वाचली. यादीत मी पहिली होते. माझ्यावरून उडी मारून दुसऱ्या नंबरला बढती दिली, तो दुसऱ्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला; आपली जागा रिकामीच राहिली. आणि पुढच्या प्रत्येक समितीनं लिहिलं, 'यापूर्वी अपात्र ठरल्या आहेत.' शेरा कोणी बघितलाच नाही पुन्हा.

वहिनी: त्या समितीत हे होते?

साहेब: पहिल्या. सदस्य म्हणून.

वहिनी: आणि गप्प बसलात?

साहेब: त्यांची फाईल आली तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

वहिनी: एक मिनिट. मला जरा समजू द्या. हे रोज घरी यायचे, बूट काढता काढता सांगायचे, खाली ती बाई आहे म्हणून माझी प्रयोगशाळा चालते. एक दिवस ती रजेवर गेली तर मला झोप लागत नाही. अहो, सांगायचात ना? मी तर एकदा चिडले होते तुमच्यावर, की मला म्हणून कधी असं चांगलं म्हणाला नाहीत.

मास्तरीण: असं म्हणायचे?

वहिनी: रोज.

मास्तरीण: मला कधी बोलले नाहीत.

साहेब: ऑफिसात कोणी बोलतं का असं. शिस्त राहत नाही.

मास्तरीण: तुम्ही शेरा लिहिलात, त्याचा मला राग आला नाही असं नाही. आला. पण लिहिलात तर कळवायला हवा होता. प्रतिकूल शेरा ज्याचा त्याला कळवायचा, नियमच आहे. मी उत्तर दिलं असतं. निकाल माझ्या बाजूनं लागला तो तेवढ्याच मुद्द्यावर.

साहेब: पत्र टाइप करून घेतलं होतं मी. आठ दिवस टेबलाच्या खणात होतं. रोज सकाळी तुम्ही नमुन्यांची यादी घेऊन वर यायचात आणि मी खण उघडायचो, बंद करायचो. मग एक दिवस फाडून टाकलं. वाटलं, कळलंच नाही तर दुखणारही नाही.

मास्तरीण: काय झालं ते सांगते. मला वाटत राहिलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. विभागीय परीक्षा मी पहिल्यांदाच पास झाले होते, तरी पुन्हा दिली. नव्या यंत्राचं प्रशिक्षण रजा काढून, स्वतःच्या खर्चानं घेतलं. मग वाटलं, आपल्याला बोलता येत नसेल चारचौघांत. मग वाटलं, कपडे. एकदा नवीन चपला घालून मुलाखतीला गेले. तीन मुलांना मी काचनळी कशी धरायची इथपासून शिकवलं, वहिनी. त्यातला एक आठ वर्षांपूर्वी प्रमुख म्हणून आला. चांगला मुलगा आहे. मी रजेचा अर्ज द्यायला गेले की उभा राहायचा. मला म्हणायचा, तुम्ही नका देऊ, मी समजून घेईन. मी म्हणायचे, तू बस आणि सही कर.

वहिनी: आणि शेऱ्याचं कळलं कधी?

मास्तरीण: तीन वर्षांपूर्वी. निवृत्तीच्या कागदांसाठी सेवापुस्तक तपासायला मागितलं, त्यासोबत आस्थापनेतल्या नव्या मुलीनं चुकून जास्तीची फाईल दिली. मी ती ओळ वाचली. त्या दिवशी सोळा नमुने होते. मी सोळाच्या सोळा केले, काचसामान धुऊन ठेवलं, आणि मग बसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हटलं, माझं काही कमी नव्हतं तर!

वहिनी: अहो, काहीतरी बोला.

साहेब: काय बोलू? मास्तरीणबाई, मी तुमची मा...

मास्तरीण: माफी नका मागू, साहेब. ती मला अर्जाला जोडता येणार नाही.

साहेब: तुम्ही अजून तशाच आहात.

मास्तरीण: वकील म्हणतात, न्यायाधीशांसमोर म्हणा, मला पैशाचं काही नाही, मला सन्मान हवा. मी म्हटलं, तसं नाही म्हणणार. मला पैसेच हवेत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते मी. गुडघे गेलेत. बावन्न पायऱ्या आहेत, मधे दोनदा थांबते. तळमजल्याचं घर बघून ठेवलंय. त्या सहा वर्षांचा फरक मिळाला तर ते येतं.

साहेब: सहाच का पण? बढती चौदा वर्षांपासून आहे ना. मागायचे तर चौदा वर्षांचे मागा.

मास्तरीण: पुढची आठ वर्षं त्या खुर्चीत दुसरा होता. प्रमुखाचं काम त्यानं केलं, मी नाही. जे मी केलं नाही ते मी केलं असं कसं लिहू? वकील यावरून डोक्याला हात लावतात.

वहिनी: लावणारच. अहो, मग लिहा ना तुम्ही. मी कागद आणते.

साहेब: थांब जरा. मास्तरीणबाई, एक विचारू? मी असं लिहून दिलं, की प्रयोगशाळा यांच्याकडे सोपवली होती. आणि जूनच्या आधी, मार्चमध्ये, मीच लिहिलंय की सोपवण्यास अपात्र. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तर कोणीही विचारेल, की यातलं खोटं काय?

मास्तरीण: हो. विचारतील.

साहेब: आणि सांगावं लागेल.

मास्तरीण: हो.

साहेब: माझ्या निवृत्तिवेतनावर येऊ शकतं का हे?

मास्तरीण: मी वकिलांना तेच विचारलं, इथे यायच्या आधी. म्हणाले, इतक्या वर्षांनी चौकशी लावण्याची शक्यता फार कमी. पण शून्य नाही म्हणाले. तुम्हाला शून्य सांगून मी सही घेणार नाही.

साहेब: तुमच्या जागी दुसरा असता तर शून्यच सांगितलं असतं.

वहिनी: अहो, आपलं भागतंय. दोघांना किती लागतं? आणि गेलंच थोडं तर मी बघेन. मला आता याचा त्रास व्हायला लागलाय, की मी चौदा वर्षं लोकांना सांगत आले, आमचे हे सरळ माणूस, टाकी थांबवली पण वाकले नाहीत.

साहेब: मी तुला पाइप फुटला म्हणून सांगितलं होतं.

वहिनी: नंतर तुम्हीच सांगितलंत. पाहुण्यांसमोर. तुम्ही थांबवली म्हणून सांगितलंत. यांचं नाव त्यात नव्हतं, आणि पाइप कुठे गेला ते मीही विचारलं नाही.

साहेब: ...आण कागद. रेघांचा नको, कोरा आण.

वहिनी: हा घ्या. पेन चालतंय का बघा.

साहेब: 'प्रमाणित करण्यात येते की, संबंधित कर्मचारी यांनी माझ्या कार्यकाळात प्रयोगशाळेच्या कामकाजात वेळोवेळी समाधानकारक सहकार्य केले...' असं?

मास्तरीण: नाही, साहेब.

साहेब: काय झालं?

मास्तरीण: हा नमुना चालणार नाही. कोणी, कोणाला, कधीपासून कधीपर्यंत, काय. यातलं एकही नाही यात.

साहेब: तुम्ही सांगा मग. तुम्ही सांगाल ते लिहितो.

मास्तरीण: मी सांगून कसं चालेल? निवेदन तुमचं आहे. झालं ते लिहा. मी इथे नाही असं समजा.

वहिनी: चला, आपण आत जाऊ. चहा टाकते. त्यांना एकट्यांना बसू द्या.

(बराच वेळ. आतून कपबशांचा आवाज.)

साहेब: झालं. या बाहेर. वाचू?

वहिनी: वाचा.

साहेब: 'मी त्या वेळी कार्यालयप्रमुख होतो. एक जूनपासून माझ्या निवृत्तीपर्यंत, सहा वर्षे एक महिना, प्रयोगशाळेचे संपूर्ण काम या बाईंनी माझ्या तोंडी आदेशावरून केले. लेखी आदेश मी दिला नाही. भत्ता टाळण्यासाठी दिला नाही. या काळात त्यांचा एकही अहवाल चुकीचा निघाला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मी त्यांच्या गोपनीय अहवालात लिहिलेला प्रतिकूल शेरा खरा नव्हता. तो मी माझ्या सोयीसाठी लिहिला. तो खरा नाही हे मला लिहिताना माहीत होते.' एवढंच. दोन ठिकाणी खोडलंय, पुन्हा स्वच्छ लिहून देतो.

वहिनी: अहो...

साहेब: काय?

वहिनी: काही नाही. चहा निवतोय.

मास्तरीण: 'एकही अहवाल चुकीचा निघाला नाही' हे काढा, साहेब.

साहेब: का? खरं आहे ते.

मास्तरीण: एक निघाला होता. पाचव्या वर्षी, फ्लोराइडचा. मीच पत्र काढून दुरुस्त केला होता.

साहेब: मला आठवतही नाही.

मास्तरीण: नोंदवहीत आहे. 'एक वगळता' असं लिहा.

साहेब: बरं. 'एक वगळता.' आणि शेवटच्या ओळींपैकी काही काढायचंय?

मास्तरीण: नाही. त्या राहू द्या.

साहेब: उद्या सकाळी नोटरीकडे जाऊ. सही त्याच्यासमोर करावी लागेल. मी दहाला चौकात येऊन थांबतो, तुम्ही वर चढून येऊ नका. आता वर तुमचं नाव टाकतो, म्हणजे मोकळा. नाव... आणि खाली पदनाम. काय लिहू? 'तंत्रज्ञ' लिहू?

मास्तरीण: आदेश निघालाय, साहेब.

साहेब: हो, हो. चुकलं. हाताला सवय. 'प्र.' टिंब, 'रसायन'...

मास्तरीण: 'प्र.' नको. उद्या कोणीतरी त्याचं 'प्रभारी' वाचेल.

साहेब: मग?

मास्तरीण: 'प्रमुख' लिहा. पूर्ण. जागा आहे.